पौंडामागे साडेतीन रुपये

मवाळ म्हणजे गुळमुळीत, असं आपल्याकडे ठरूनच गेलं आहे. ज्यांना ते पटतं त्यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांचं २६ मार्च १९०२ चं अंदाजपत्रकावरचं भाषण मुळातून वाचावं. कलकत्त्याचं वरिष्ठ कौन्सिल, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, वक्ता जेमतेम पस्तिशीचा. सभासदांनी अंदाजपत्रकावर बोलायचं; मत द्यायचा अधिकार नाही. सात कोटींच्या शिलकीबद्दल सरकारचं कौतुक चाललेलं, आणि गोखल्यांची सुरुवातच अशी की, या अभिनंदनात मला सामील होता येत नाही.

खरी मौज पुढे आहे. विलायतेचा खर्च पौंडांत भागवायचा. रुपया तेरा पेन्सांवर घसरला तेव्हा एका पौंडाला साडेअठरा रुपये पडत. १८९३ मध्ये रुपये पाडून देणं बंद झालं, रुपया कृत्रिम रीतीने महाग झाला, सोळा पेन्सांवर टेकला. आता तोच पौंड पंधरा रुपयांत. पौंडामागे साडेतीन रुपये वाचले! पण तूट भरायला वाढवलेले कर जिथल्या तिथे. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला दोनाचा अडीच रुपये झाला होता, तोही तसाच. मग ही शिल्लक भरभराटीची कशी? रयतेकडून गरजेपेक्षा जास्त घेतलं, तेच उरलं. हे सारं गोखले फर्ग्युसनच्या वर्गात गणित सोडवून दाखवावं तशा आवाजात मांडतात. जिथे दुसऱ्याने जळजळीत विशेषण घातलं असतं तिथे ते आकडा ठेवतात, आणि आकड्यावर चिडून भागत नाही.

ही तोल सांभाळण्याची सवय फुकट आलेली नव्हती. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगमधल्या गोऱ्या सैनिकांवर केलेले आरोप पुराव्याअभावी मागे घेऊन त्यांना जाहीर माफी मागावी लागली होती. शिवाय या भाषणामागे गणेश व्यंकटेश जोशी यांचा आकड्यांचा व्यासंग उभा आहे. त्यांचं नाव आज कोण घेतं?

लांबलचक वाक्यं आणि दरबारी अदब आजच्या वाचकाला जड जाते, मलाही जाते. पण १९०३ मध्ये मिठाचा कर आठ आण्यांनी उतरला, प्राप्तिकराची माफी पाचशेवरून हजारावर गेली. गोखल्यांनी पुढच्या भाषणांत आभार मानले आणि कर आणखी उतरवा म्हणून पुन्हा आकडे काढले.