तपासाच्या कागदांतील बोली

गंभीर गुन्ह्याच्या तपासात पोलीस अंमलदार हा पहिला लेखक असतो. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तोंडी फिर्याद त्याने लिहून घ्यावयाची व फिर्यादीस वाचून दाखवावयाची असते. अर्धापूरच्या शेतकऱ्याचे बोलणे या लेखनात कितपत टिकते?

नांदेड-लातूरकडील बोलीत ‘तो मारायला’ म्हणजे ‘तो मारीत आहे’. प्रमाण मराठीत हेच रूप हेतुदर्शक ठरते. एकात कृत्य, दुसऱ्यात नुसता इरादा. आणि फौजदारी न्यायात हे अंतर लहान नव्हे. परप्रांतीच कशाला, पुण्याकडील लेखनिकाच्या हातूनही ‘तो मारायला अन् मी पळालो’ याचे ‘तो मारण्यास आल्याने मी पळालो’ होऊ शकते. (‘फिर्याद’, ‘जबाब’, ‘मुद्देमाल’ या फारसी-अरबी वळणाच्या शब्दांविषयी तक्रार नाही, ते खेड्यातही कळतात.) खरा दोष ‘यातील नमूद आरोपी’ छापाच्या साच्याचा आहे, त्यात बोलणाऱ्याचे क्रियापदच हरवते.

फिर्याद निदान वाचून तरी दाखविली जाते. कलम १८० खालील साक्षीदाराच्या जबाबावर कलम १८१ नुसार त्याची सही घ्यावयाची नसते. तेथे अंमलदाराचे मराठी हेच साक्षीदाराचे मराठी होऊन बसते. ध्वनिचित्रमुद्रणाची मुभा कलम १८० मध्ये आहे, सक्ती नाही. मुद्रण झाले तरी मूळ क्रियापद जसेच्या तसे उतरवून त्याचा अर्थ शेजारी नोंदविण्याचे काम उरतेच, आणि ते बोली जाणणाऱ्यानेच करावयास हवे.