एका खोलीवरून नियम काढू नका : व्हर्जिनिया टेकचा अहवाल वाचताना

अमेरिकेत पीएचडीला गेलात तर सुरुवातीच्या ओरिएंटेशनमध्ये बहुधा एक व्हिडिओ दाखवतील. कॅम्पसवर कुणी बंदूक घेऊन शिरलं तर पळा, पळता नाही आलं तर लपा, तेही नाही जमलं तर प्रतिकार करा. ह्यूस्टन शहराने २०१२ मध्ये काढलेल्या फिल्ममुळे हे सूत्र सगळीकडे पोचलं. सूत्र वाईट नाही, पाठ करूनच ठेवा. माझी तक्रार वेगळी आहे: ते ऐकताना वाटतं की वाचणं-न वाचणं आपल्या हुशारीवर आहे.

म्हणून व्हर्जिनिया टेकच्या चौकशी समितीचा ऑगस्ट २००७ चा अहवाल वाचा. १६ एप्रिल २००७ ला तिथे ३२ जण मारले गेले. नॉरिस हॉलमध्ये गेलेल्यांत प्रा. लोगनाथन होते, आपल्या मुंबईची एक विद्यार्थिनीही होती.

आता खोल्या बघा. २०५ मधल्या मुलांनी टेबल दाराला लावून धरलं. गोळ्या दारातून आल्या, पण कुणालाही लागल्या नाहीत. २११ मध्येही दाराला डेस्क लावलं होतं. तो ते ढकलून आत शिरला, आणि सगळ्यात जास्त माणसं तिथेच गेली. २०४ मध्ये प्रा. लिव्हिउ लिब्रेस्क्यू यांनी दार अडवलं, मुलांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. ते स्वतः वाचले नाहीत. २०६ वर तो पहिल्यांदा आला, तिथे कुणाला काही सुचायलाही वेळ नव्हता.

मग ‘दार अडवा म्हणजे वाचाल’ हा निष्कर्ष कुठून काढायचा? फक्त २०५ वरून? संशोधनात याला निवडक उदाहरण म्हणतात, आणि आपला गाइड पहिल्या ड्राफ्टवरच लाल रेघ मारेल. अहवालाची एक मर्यादाही इथेच आहे: खोलीत काय झालं हे जे उरले तेच सांगू शकतात. दार अडवू नका असं मी म्हणत नाहीये हं. अडवाच. पण तो डेटा आहे असं समजू नका.

अहवालाचं खरं बळ घड्याळात आहे. वसतिगृहात पहिल्या दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या सकाळी सव्वासातच्या सुमारास. पोलिसांना वाटलं घरगुती भांडण असेल, आणि ते मृत मुलीच्या मित्राच्या मागे लागले. समितीने हे स्पष्ट नोंदवलंय की पहिल्या धाग्यावर फार लवकर विश्वास ठेवला गेला. अधिकाऱ्यांची बैठक ८:२५ ला. सगळ्यांना ईमेल गेला ९:२६ ला, त्यात गोळीबाराची ‘घटना’ होती, पण मारेकरी मोकळा फिरतोय हे नव्हतं. नॉरिसमध्ये गोळीबार सुरू झाला ९:४० च्या आसपास. पोलिसांना स्वतः मेसेज पाठवायची सोयच नव्हती.

समिती इथे प्रामाणिक आहे. १३१ इमारतींचा कॅम्पस बंद करणं शक्य नव्हतं, असं ती म्हणते. पण लवकर आणि स्पष्ट इशारा गेला असता तर काही फरक पडला असता, हेही म्हणते. ‘सगळे वाचले असते’ असं लिहायचा मोह तिने टाळलाय. तुमच्या थिसिसमधला ‘चर्चा’ विभाग असा लिहिता आला तर बघा.

आणि एक करा. तुमच्या लॅबचं दार आतून लागतं का ते उद्या बघून या. नॉरिसच्या वर्गांना कुलूप नव्हतं. आमच्या डिपार्टमेंटमध्ये मी बघितलं: कडी आहे, पण ती बाहेरून.