ओसाड कुणी ठरवलं? पडक्या वास्तूंच्या छंदावरची काही पुस्तकं आणि बडोद्यातला एक वाडा

आपल्या बैठकांमध्ये हल्ली एक तक्रार हमखास निघते. पोरं बंद वाड्यांत शिरतात, मोबाइलवर व्हिडिओ करतात, त्यावर भुताखेतांचं संगीत चढवतात आणि मोकळी होतात. तक्रार खोटी नाही, पण ती करणाऱ्या आपल्यापैकी किती जण त्या वाड्यांच्या माडीवर चढलेत? आपण मोडी कागदात रमणारी माणसं. दिवाणांच्या नेमणुकीची तारीख आपल्याला तोंडपाठ असते, पण त्यांच्या घराचा जिना कुठल्या बाजूला होता हे विचारलं की आपण एकमेकांकडे बघतो. ही पोरं निदान जिना चढलेली असतात. म्हणून त्यांना नावं ठेवण्याआधी या छंदाचं जे मूळ साहित्य आहे ते एकदा नीट वाचावं म्हटलं.

इंग्रजीत याला 'अर्बन एक्सप्लोरेशन' म्हणतात. हे नाव रुळवण्यात मोठा वाटा टोरांटोच्या जेफ चॅपमनचा. 'निन्जालिशस' या टोपणनावाने त्याने १९९६ पासून 'इन्फिल्ट्रेशन' नावाचं छोटेखानी नियतकालिक काढलं. 'ॲक्सेस ऑल एरियाज' हे त्याचं पुस्तक २००५ मध्ये आलं आणि त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, कर्करोगाने तो गेला. पुस्तक वाचताना पहिलं आश्चर्य वाटतं ते हे, की त्याला पडझडीचं फारसं वेड नाही. चालू हॉटेलं, इस्पितळं, पावसाळी पाण्याचे बोगदे, यंत्रांच्या खोल्या, गच्च्या, कशातही त्याला तेवढाच रस. शहर चालतं कसं हे त्याला बघायचंय. स्वभावाने मिश्कील, आणि चोरी किंवा मोडतोड करणाऱ्यांचा मनापासून राग. आपल्या मंडळात हा माणूस सहज खपला असता. तो शिरायचा ते बऱ्याचदा परवानगी नसलेल्या ठिकाणी, ते मात्र आपल्याला चाललं नसतं.

त्याच्यानंतरच्या पिढीत सूर बदलला. ब्रॅडली गॅरेट हा अमेरिकन भूगोलतज्ज्ञ. लंडनमधल्या अशा एका टोळीबरोबर तो डॉक्टरेटच्या अभ्यासासाठी राहिला आणि अभ्यास करता करता त्यांच्यातलाच झाला. 'एक्सप्लोअर एव्हरीथिंग' हे त्याचं पुस्तक २०१३ चं. बंद पडलेली भुयारी स्टेशनं, बांधकाम चालू असताना चढलेली शार्ड ही उत्तुंग इमारत, टपालखात्याची जमिनीखालची रेल्वे, असं सगळं त्यात आहे. हीथ्रो विमानतळावर पोलिसांनी त्याला विमानातूनच उतरवून अटक केली, खटला चालला. त्याचा मुद्दा बिनतोड आहे: शहरातल्या जास्तीत जास्त जागा कुंपणाआड जातायत आणि नागरिकाने ते मुकाट मान्य करावं अशी अपेक्षा आहे. तरीही पुस्तकाच्या मध्यावर माझा उत्साह ओसरला. कारण जागा हळूहळू मागे सरकते आणि शिरणारा पुढे येतो. ती टपाल-रेल्वेच घ्या. १९२७ ते २००३ अशी पंचाहत्तर वर्षं ती लंडनच्या पोटात पत्रं वाहत होती. ती वाहणारी माणसं कोण, पाळ्या कशा होत्या, बंद का पडली, हे मला जाणून घ्यायचं होतं. पुस्तकात मुख्य थरार आहे तो आत पोचण्याचा. आज त्याच रेल्वेच्या एका भागात तिकीट काढून बसता येतं आणि शेजारी संग्रहालयही आहे. थरार तेवढाच असता तर त्या दिवशी तो संपायला हवा होता. मला विचाराल तर तिथे उलट गोष्ट सुरू झाली.

तिसरं पुस्तक छायाचित्रांचं, 'द रुइन्स ऑफ डेट्रॉइट' (२०१०). इव्ह मार्शां आणि रोमँ मेफ्र हे दोघे फ्रेंच तरुण. फोटो अप्रतिम, यात वाद नाही. नाट्यगृहांची कोसळलेली छतं, शाळांमध्ये विखुरलेली पुस्तकं, मिशिगन सेंट्रल स्टेशनचा भव्य रिकामा दर्शनी भाग. आज आपल्याकडच्या मुलांच्या फोटोंत जो थंड निळसर प्रकाश आणि एकटा कॉरिडॉर दिसतो, त्याची वंशावळ मला तरी इथे सापडते. पण पानामागून पान उलटत गेलं की काहीतरी खटकायला लागतं. माणूस दिसत नाही. १९५० मध्ये डेट्रॉइटची वस्ती साडेअठरा लाख होती. पुस्तक निघालं त्या वर्षीच्या जनगणनेत ती सात लाखांवर आली होती. ही घसरण भयंकरच, पण सात लाख म्हणजे ओसाड गाव नव्हे! ती माणसं बसची वाट बघत होती, दुकानं उघडत होती, भाडी भरत होती. चौकटीबाहेर. डेट्रॉइटच्या लोकांनी अशा छायाचित्रांवर टीका केली ती याचसाठी. आणि ते स्टेशन? १९८८ मध्ये बंद पडलेली ती इमारत फोर्ड कंपनीने घेऊन दुरुस्त केली आणि २०२४ मध्ये ती पुन्हा उघडली. फोटोत ती शेवटाची खूण होती. प्रत्यक्षात तो मधला एक टप्पा निघाला.

आता आपल्या बडोद्याकडे येतो. आपल्याकडे 'ओसाड' हा शब्द फार सैल वापरला जातो. न्यायमंदिराची इमारत घ्या. १८९६ मध्ये उघडली, मुळात बाजारासाठी बांधलेली, मग न्यायालय झाली आणि शतकभर वकील-पक्षकारांनी गजबजली. २०१८ मध्ये न्यायालय नव्या जागी गेलं आणि ती रिकामी झाली. पण रिकामी म्हणजे बेवारस का? तिला मालक आहे, तिच्याबद्दल योजना आहेत, भांडणं आहेत. नवलखी वाव लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात आहे, तिथे १४०५ सालचा शिलालेख आहे. तीही 'लपलेली' वगैरे नाही, खाजगी जागेत आहे इतकंच. आणि लपलेलीच जागा हवी असेल तर रावपुऱ्यातल्या भाऊ तांबेकरांच्या वाड्यासारखी दुसरी नाही. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या विठ्ठल खंडेराव तांबेकरांचं हे घर. भिंतींवर कृष्णलीला, महाभारतातले प्रसंग, इंग्रज-मराठे लढाया, सगळं रंगांत. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. रोज शेकडो माणसं रावपुऱ्यातून जातात आणि त्यांना पत्ताही नसतो. पण पडझडीलाच सौंदर्य मानणाऱ्या डोळ्याला इथे काही मिळत नाही. वाडा पुरेसा मोडलेला नाही ना!

खाजगी वाड्यांची गोष्ट वेगळी, आणि खरा प्रश्न तिथेच आहे. ते रिकामे होतात ते कुणी टाकून दिले म्हणून नाही. अकरा वारस, त्यातले चार पुण्याला, तीन अमेरिकेत, एक मूळ वाटणीच न मानणारा. खाली जुना भाडेकरू, भाडं नाममात्र. दुरुस्ती कुणी करायची यावर एकमत नाही, विकायचं तर सगळ्यांच्या सह्या नाहीत. दरवर्षी पावसाळ्यात एक कोपरा खचतो. ही सगळी गोष्ट कागदावर असते: खटल्यात, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यात, भाडेपावतीत. फोटोखाली नुसतं 'विसरलेला वाडा' असं लिहिलं की ती पुसली जाते. विसरलं कोण? अकराही जणांना पक्कं आठवतं. आणि एकदा का वास्तू 'पडीक' म्हणून लोकांच्या डोक्यात बसली, की पाडायला निघालेल्याचं काम निम्मं होतं.

दोन वर्षांपूर्वी दांडिया बाजाराकडच्या अशाच एका वाड्यात, एका वारसाची रीतसर परवानगी काढून, मी तीन मुलांबरोबर गेलो होतो. मुलं चांगली. पायाखाली बघून चालणारी, कशाला हात न लावणारी. या छंदात एक सल्ला नेहमी देतात, की जुन्या लाकडी मजल्यावर भिंतीच्या कडेकडेने चालावं, तिथे आधार असतो. त्यांनाही तो पाठ होता. मी थांबवलं. आपल्या वाड्यांत तुळईचं टोक भिंतीत रुतलेलं असतं, वरून गळणारं पाणी त्याच भिंतीत मुरतं, त्यामुळे कुजायला सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. छतावर ओल आलेल्या भिंतीची कड ही सगळ्यात कमी भरवशाची जागा. पुस्तकी सल्ले आयात करताना घर कसं बांधलंय हे आधी पाहायला हवं.

वरच्या चौकात कोरीव खिडकीसमोर एक साडी वाळत होती. मागच्या खोलीत पंच्याहत्तरीच्या पुढच्या एक काकू राहत होत्या, भाडेकरूंपैकी शेवटच्या.

"काकू, तुम्ही एकट्याच राहता इथे?"

"एकटी कशाला? वर कबुतरं आहेत ना. बसा, चहा टाकते."

चहा झाला. मग एका मुलाने अगदी अदबीने विचारलं, "काकू, ती साडी जरा काढू का? आणि तुम्ही थोडं साइडला होता का?" काकूंनी हसत साडी काढली, स्वतः दाराआड गेल्या आणि मुलाने फोटो काढला. पुढे तो बऱ्याच लोकांनी पाहिला. निळसर, अर्धी खिडकी सावलीत, चौक सुनसान. आम्ही नुकताच तिथे चहा प्यायलो होतो! त्याला दोष देत नाही. त्याने जे फोटो बघून हात बसवला होता त्यांत काकूंना जागाच नव्हती. मी तरी त्या क्षणी कुठे काही बोललो?

ठिकाण सांगायचं की नाही, हा वेगळा तिढा. हे लोक बहुधा पत्ता जाहीर करत नाहीत आणि आपल्याकडे तर ते शहाणपणाचंच आहे, कारण गुजरातेत जुन्या कोरीव लाकडाला भाव आहे. दारं, खांब, झरोके सुटे करून विकले जातात. पत्ता दिला की गिऱ्हाईक पोचतं. पण पत्ता, तारीख, दिशा यांपैकी काहीच नसलेला फोटो इतिहासाच्या कामाचा नाही. तो कुठल्याही गावाच्या कुठल्याही पडक्या घराचा असू शकतो. मला यावर एकच मार्ग दिसतो: लोकांना दाखवताना पत्ता झाका, पण पूर्ण नोंद कुठेतरी ठेवा. आपल्या मंडळाकडे ठेवा, वारसाला एक प्रत द्या.

आणि एक नाव या मुलांपर्यंत पोचायला हवं, ते कामिलो होसे व्हर्गारा यांचं. मूळचे चिलीचे, अमेरिकेत स्थायिक झालेले छायाचित्रकार. १९७० च्या दशकापासून ते अमेरिकन शहरांतल्या गरीब वस्त्यांत त्याच त्या कोपऱ्यांवर परत परत जातात आणि त्याच जागेवरून फोटो घेतात. दुकानाचं चर्च होतं, चर्चचं गोदाम, मग रिकामी जमीन, मग पुन्हा काहीतरी. रस्त्यावर माणसं असतात. तेही काही निर्दोष नाहीत. डेट्रॉइटच्या मध्यवर्ती भागातल्या रिकाम्या गगनचुंबी इमारती भग्नावस्थेतच जतन कराव्यात अशी सूचना त्यांनी १९९५ मध्ये केली होती आणि गावकरी संतापले होते. मला तो संताप पटतो. पण परत जाण्याची त्यांची सवय चॅपमनच्या कुतूहलापेक्षा आणि गॅरेटच्या धाडसापेक्षा आपल्याला जास्त उपयोगी आहे, कारण एका भेटीत कळतं ते फक्त घराचं आजचं रूप.

गेल्या हिवाळ्यात आम्ही त्या वाड्यात पुन्हा गेलो. ती खिडकी नव्हती. चौकटीसकट उपटलेली, भोकात विटा रचलेल्या. काकू म्हणाल्या, "दुपारी माणसं आली होती. मालकांनी पाठवलंय म्हणाली. मी कोण विचारणार?" ज्या वारसाने आम्हाला परवानगी दिली होती त्यांनी बाकीच्यांना फोन लावले. कुणीच कुणाला पाठवलं नव्हतं, निदान तसं कबूल तरी कुणी केलं नाही. तक्रार द्यायची तर खिडकी होती कशी, याचा पुरावा हवा. मुलाचा तो गाजलेला फोटो काढून बघितला. सावलीत नक्षी कळत नाही, चौक ओळखू येत नाही.

मग त्याने मोबाइलमधला टाकाऊ फोटोंचा ढीग उघडला. साडी काढायच्या आधी त्याने उजेडाचा अंदाज घ्यायला एक फोटो घेतला होता. भर दुपारचा, सपाट, काही नाट्य नसलेला. त्यात खिडकी पूर्ण आहे, वेलबुट्टी मोजता येते, खाली तुळशीवृंदावनाचा कोपरा आहे, दोरीवर हिरवी साडी आहे आणि तिच्यामागून काकू बघतायत. तक्रारीला तोच जोडला. मागे तारीख, वेळ आणि 'पहिला मजला, पूर्वेकडची भिंत' असं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. पूर्व कुठली, हे काकूंना विचारून.