संमती कोणाची?

'पुराणमतवादी' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो आणि 'विकास' आशीर्वादासारखा. मुरबाड-शहापूरकडे पाहिले की दोन्ही वापर तपासून घ्यावेसे वाटतात.

१८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षे केले. आगरकरांच्या 'सुधारका'ने कायद्याची बाजू घेतली, टिळकांच्या 'केसरी'ने विरोध केला. परक्या सरकारने कायद्याने सुधारणा लादू नये, ती समाजाच्या आतून यावी, असे टिळकांचे म्हणणे. ते पोकळ नव्हते. वारसा मोडून केलेल्या बदलाचे धोके एडमंड बर्कने १७९०मध्येच फ्रेंच क्रांतीच्या निमित्ताने मांडले होते. पण समाजाच्या संमतीचा आग्रह धरताना, जिच्या देहाचा प्रश्न होता त्या मुलीला त्या युक्तिवादात जागाच नव्हती. परंपरेचा बचाव तिथे अधिकाराचा बचाव ठरला.

आता काळू नदीकडे येऊ. मुंबई महानगर प्रदेशाच्या पाण्यासाठी मुरबाड तालुक्यात योजलेल्या धरणाचे काम आवश्यक वनमंजुरी नसतानाच सुरू झाले. २०१२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवले. शेजारच्या शहापूरचा अनुभव समोरच आहे: तानसा, भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो.

आपले रान, नदी, गावदेव राहू द्या म्हणणारा ठाकूर किंवा कातकरी शब्दशः परंपरेचा रक्षक आहे. तरी परंपरेचा अभिमान सांगणारे पक्ष त्याला आपला मानत नाहीत. त्याच्या वाट्याला 'विकासविरोधी' हेच बिरुद येते. पुरोगामी म्हणवणाऱ्यांचा हिशोबही सरळ नाही. काँग्रेसप्रणीत केंद्र सरकारच्या काळात २००६चा वनहक्क कायदा आला, २००९च्या परिपत्रकाने वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती आवश्यक ठरली. पण काळूचे काम मंजुरीआधी सुरू झाले तेव्हा राज्यातही काँग्रेस आघाडीच होती. भाजपच्या काळात २०२२च्या वन संवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीपूर्वी ती संमती असण्याची अट सैल केली. नंतरच्या सरकारांनीही काळू प्रकल्प सोडलेला नाही. प्रगतीबाबत या पक्षांत वाद आहे तो वेगाचा आणि श्रेयाचा, दिशेचा नाही.

म्हणून गावाला देव्हाऱ्यात बसवावे असे नाही. मुंबई-ठाण्याची तहान खरी आहे. आणि ग्रामसभेत चार पुरुषच बोलणार असतील, तर डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई १८९१च्या मुलीसारखीच गप्प राहील. आगरकरांचा प्रश्न पाड्यालाही विचारावा लागतो.

टिळकांचा 'आतून बदल' आणि आगरकरांचा 'भोगणार कोण' हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारणारा परंपरावाद आपल्याकडे अजून पक्ष म्हणून उभा राहिलेला नाही. त्याला भवितव्य असेल, तर त्याची परीक्षा मंदिराच्या पायरीवर नव्हे, काळूकाठच्या ग्रामसभेत होईल. तिथे 'नाही' म्हणण्याचा हक्क जो पक्ष जपेल, त्याने स्वतःला परंपरावादी म्हणवावे किंवा पुरोगामी. माझी हरकत नाही.