तात्पर्याच्या अलीकडे : येशूचे दाखले आणि वऱ्हाडातला वर्ग

आपल्या शाळांच्या परिपाठात सुविचार आणि दिनविशेष यांच्या जोडीला ‘बोधकथा’ असते. ती कधी इसापाची, कधी पंचतंत्राची आणि अधूनमधून, बहुधा नाव न घेता, येशूचीही असते. बायबलमधला उधळ्या पुत्र तिथे ‘एका श्रीमंत शेतकऱ्याचा मुलगा’ होतो आणि शोमरोनी ‘एक दयाळू वाटसरू’. बुलढाणा जिल्ह्यात मराठी शिकवताना अशी पुनर्कथने मी वाचली, ऐकली आणि वर्गात सांगूनही पाहिली. त्यांच्याविषयी माझे म्हणणे एवढेच आहे : या कथांना आजचे कपडे नीट चढवले जातात, पण मूळ कथा ऐकणाऱ्याला ज्या जागी टोचते ती जागा बोथट केली जाते. पुनर्कथन साधले की नाही, हे त्या टोचण्यावरून ठरवायला हवे.

मराठी बायबलमध्ये अशा कथेसाठी ‘दाखला’ आणि ‘दृष्टान्त’ असे दोन्ही शब्द येतात. ‘दाखला’ म्हटले की आजच्या मुलाला जातीचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला आठवतो. ‘दृष्टान्त’ मात्र या मातीत फार जुना आहे. चक्रधरस्वामींचा वावर लोणार-मेहकर परिसरात झाल्याचे ‘लीळाचरित्रा’वरून दिसते. त्यांनी सांगितलेल्या कथा केशिराजांनी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केल्या. तिथली रचना तीन पदरी आहे : सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. म्हणजे आधी सिद्धान्त, मग कथा, मग कथेचा सिद्धान्ताशी जोडलेला अर्थ. आपल्या बोधकथेच्या शेवटी येणारे ‘तात्पर्य’ हा याच तिसऱ्या पदराचा दूरचा वंशज म्हणता येईल. येशूच्या पुष्कळ कथांना मात्र हा तिसरा पदरच नाही. त्या प्रश्नावर थांबतात. म्हणून त्यांना तात्पर्य जोडणे म्हणजे नुसता शेवट जोडणे नव्हे. कथेचा प्रकारच त्यामुळे बदलतो.

मराठीने या कथा परक्या ठेवलेल्या नाहीत. फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये ‘क्रिस्तपुराण’ ओवीत बांधले. ना. वा. टिळकांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ तर अलीकडचेच. भाषा आपलीशी करण्याचे काम झालेले आहे. वर्गातले काम त्याच्या पुढचे आहे.

पेरणाऱ्याची कथा घ्या. काही बी वाटेवर पडते, काही खडकाळ जमिनीत, काही काट्यांत, काही चांगल्या मातीत. तिफणीने पेरणी पाहिलेले मूल पहिला प्रश्न विचारते : बी वाटेवर पडलेच कसे? तिथे मूठ भरून बी फेकत जाण्याची रीत होती, हे सांगावे लागते. मगच त्या पेरणाऱ्याचा सैल हात दिसतो. या कथेला शुभवर्तमानातच स्पष्टीकरण आहे, हे खरे. ते ऐकण्याविषयीचे आहे. शालेय पुनर्कथनात मात्र त्याची मुलांची वर्गवारी होते : हुशार मूल म्हणजे काळी माती आणि मागच्या बाकावरचे म्हणजे खडक. दुबार पेरणी पाहिलेल्या घरातल्या मुलाला ठाऊक असते की बी उगवले नाही तर दोष दर वेळी मातीचा नसतो. पावसाचा खंड असतो, कधी बियाणेच खराब असते. या मुलाचे ज्ञान कथेत येऊ देणारे पुनर्कथन मी चांगले मानतो.

दुसरी कथा द्राक्षमळ्यातल्या मजुरांची. मालक पहाटेपासून दिवस कलेपर्यंत वेगवेगळ्या वेळी मजूर आणतो आणि संध्याकाळी सर्वांना सारखीच, पूर्ण दिवसाची मजुरी देतो. ही कथा वऱ्हाडात आणताना सरळ कापसाच्या शेतात नेली जाते आणि तिथेच फसते. वेचाई किलोवर मिळते. उशिरा आलेल्याचा कापूस कमी भरणार, यावर कुणाचे दुमत नसते. सोयाबीनची सोंगणी बहुधा गुत्त्याने जाते. कथा उभी राहायची तर ती निंदणाच्या रोजावर नेली पाहिजे. दुसरी चूक याहून गंभीर आहे. मूळ कथेत मालक शेवटच्या मजुरांना विचारतो की तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात, आणि ते सांगतात की आम्हाला कोणी कामाला बोलावलेच नाही. हे उत्तर गाळले की ते आळशी ठरतात आणि मालक लहरी. सकाळी चौकात उभे राहून दुपारी परतलेला बाप ज्याने पाहिला आहे, त्या मुलाला हे एकच वाक्य पुरते. रस्किनने आपल्या पुस्तकाचे नाव याच कथेतून घेतले. गांधीजींनी ते 1904 मध्ये आफ्रिकेत रेल्वेप्रवासात वाचले आणि पुढे ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत त्याचे सार लिहिले. विनोबांमुळे वऱ्हाडाच्या गावागावांत पोचलेल्या या शब्दामागे उशिरा आलेला एक मजूर उभा आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

उधळ्या पुत्राच्या कथेत पहिला घाव वेगळ्याच ठिकाणी बसतो. बाप जिवंत असताना हिस्सा मागणे हा मूळ श्रोत्यांना अपमान वाटला असणार. आपल्याकडे मिताक्षरा परंपरेने वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा जन्मतःच हक्क मानला. वाटणी दुखावते, पण ती अनोळखी नाही. त्यात सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ वाचलेल्याला शेतीतून बाहेर पडू पाहणारा धाकटा भाऊ निव्वळ उनाड वाटत नाही आणि शिकूनही शेतातच राहिलेल्या थोरल्याची घुसमटही कळते. म्हणून इथे कथेचे वजन थोरल्यावर येते. तो अंगणात उभा आहे, बाप त्याची समजूत घालतो आहे आणि तो आत गेला की नाही, हे कथा सांगत नाही. ‘आईवडिलांचे ऐकावे’ हे तात्पर्य या उभ्या राहिलेल्या मुलाला पुसून टाकते.

सर्वांत अवघड आहे ती शोमरोन्याची कथा. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या ‘गुड समॅरिटन’ला संरक्षण मिळाले. समृद्धी महामार्ग ज्यांच्या तालुक्यातून जातो त्या मुलांना ही माहिती उपयोगाची आहे. पण कायद्यात उरला तो फक्त भला माणूस. मूळ श्रोत्यांच्या लेखी शोमरोनी हा तुच्छ मानलेल्या, वैर असलेल्या समाजातला होता. शेवटी, खरा शेजारी कोण ठरला, असे विचारल्यावर प्रश्नकर्ता शास्त्री ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारत नाही. ज्याने दया केली तो, असे म्हणतो. कथेचा काटा या न उच्चारलेल्या शब्दात आहे.

मग आपल्या वर्गात शोमरोनी कोणाला करायचे? एखाद्या जातीचे किंवा धर्माचे नाव घेतले, तर त्या समाजातले मूल सर्वांसमोर उदाहरण म्हणून उभे राहते. नाव टाळले, तर कथा निर्जीव होते. मला एकच वाट दिसते : जागा कोरी ठेवावी. जखमी तू आहेस. कोणाचा हात धरणे तुला सर्वांत जड जाईल, ते मनात ठरव, असे मुलांना सांगावे आणि उत्तर मागू नये.

अनुदानाच्या शाळेत येशूची कथा कशी, अशी शंका कोणी घेईल. राज्यघटनेच्या 28 व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण कथेचे मूळ सांगून ती साहित्य म्हणून वाचणे निराळे. मूळ लपवण्याने ती अधिक निधर्मी होत नाही, फक्त अनाथ होते. शिवाय उपदेश असतो तो तात्पर्यात. कथा नुसते विचारते. परिपाठातल्या त्या पाच मिनिटांत शिक्षकाने कथा सांगून तात्पर्याच्या अलीकडे थांबावे. पुढचे ओझे मुलांना पेलते.