आराखडा कशाचा करायचा?

कादंबरी लिहायला घेतलेली नवी मुलं-मुली भेटतात, तेव्हा बऱ्याच जणांकडे तक्ता तयार असतो. प्रकरणं किती, कुठे काय घडणार, शेवट काय. बाकीचे म्हणतात, ‘सुचेल तसं लिहू.’ मग वाद रंगतो, आराखडा हवा की नको? आम्हाला वाटतं, त्याआधी विचारायला हवं की आराखडा कशाचा?

आपल्या कोल्हापूरचीच उदाहरणं घेऊ. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ची, आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ची. कथेचा सांगाडा दोघांनाही महाभारताने दिलेला होता. ठरवायचं होतं ते हे, की सांगणार कोण आणि कोणानंतर कोण. खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांना बोलतं केलं. सावंतांनी नऊ भाग सहा जणांत वाटले.

‘मृत्युंजय’मधला क्रम बघा. पहिला भाग कर्णाचा, दुसरा लगेच कुंतीचा. कर्ण कुणाचा मुलगा, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. पण ते आईच्या तोंडून ऐकून आपण पुन्हा कर्णाकडे येतो, तेव्हा त्याचा प्रत्येक अपमान वेगळा लागतो. आणि शेवटचा भाग कृष्णाचा. म्हणजे कर्णाचं मरण कोण सांगतो, तर अर्जुनाचा सारथी! हा खरा आराखडा. कथेचा सांगाडा तोच, तरी वजन बदललं.

आता जे कोल्हापुरात बोलायला थोडं जड जातं, तेही बोलू. भागावरचं नाव झाकून मधलं एखादं पान वाचा. दुर्योधन बोलतोय की शोण, हे नुसत्या भाषेवरून ओळखता येतं का? आम्हाला बऱ्याचदा येत नाही. उपमांनी लगडलेली तीच भारदस्त भाषा सगळ्यांच्या तोंडी आहे. निवेदक सहा, आवाज एक. क्रम नेमका ठरला, बोली ठरायची राहिली.

याउलट नेमाड्यांची ‘कोसला’, १९६३ची. ती काही आठवड्यांतच लिहून झाली, म्हणून ‘सुचेल तसं’वाले तिचा दाखला देतात. पण पांडुरंग सांगवीकरचा आवाज पहिल्या पानापासून पक्का आहे. डायरीत शिरला तरी माणूस तोच राहतो. प्रकरणांचा तक्ता असो-नसो, बोलणारा ठरलेला होता.

म्हणून तक्ता करणाऱ्यांना आणि न करणाऱ्यांना आमचं सांगणं एकच. पुढे काय घडणार हे नंतर ठरवलं तरी चालेल. आधी तुमच्या दोन पात्रांना एकच प्रसंग सांगायला लावा, पानभर. मग नावं झाकून घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या. कोण बोलतंय हे त्यांना कळलं, तर पुढे चला. नाही कळलं, तर तक्ता कितीही सुबक असला तरी कादंबरी अजून सुरू व्हायचीच आहे.