पक्ष, साध्य, रचना, सिद्धता

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज 180 अंश असते, हे सिद्ध करणारा नववीच्या भूमितीतला मजकूर जेमतेम आठ-दहा ओळींचा. मार्कांसाठी तो पाठ होतो आणि परीक्षा संपली की विसरला जातो. मला मात्र तो नेटक्या मराठी गद्याचा नमुना वाटतो, सावकाश वाचावा असा.

सुरुवातीला पक्ष आणि साध्य. हे दोन्ही शब्द न्यायशास्त्रातले. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, या अनुमानात डोंगर हा पक्ष, अग्नी हे साध्य आणि धूर हा हेतू. भूमितीत आल्यावर पक्षाचा अर्थ थोडा सरकला. ज्याच्याविषयी सिद्ध करायचे तो, याऐवजी जे धरून चालायचे ते, असा तो झाला. हेतू हा शब्द गळाला; त्याचे काम मात्र राहिले. सिद्धतेच्या प्रत्येक ओळीशेजारी कंसात कारण लिहावे लागते, तो हेतूच. ते कंस पुसले तर बाकी उरतात ती नुसती ठाम विधाने.

पक्षाची ओळ साधी असते: अबक हा त्रिकोण आहे. कोणता, ते सांगितलेले नाही, आणि सगळे बळ त्या न सांगण्यात आहे. वहीतला त्रिकोण कोनमापकाने मोजला तर बेरीज कधी 179 भरते, कधी 181. पेन्सिलीची जाडी, हाताचा कंप, सगळे त्यात येते. शंभर त्रिकोण मोजले तरी एकशे एकाव्याची खात्री देता येत नाही. सिद्धता वहीतल्या त्रिकोणाविषयी बोलतच नाही. फळ्यावर बाईंनी वेडावाकडा त्रिकोण काढला तरी तिचे काही बिघडत नाही.

मग येते रचना, आणि माझ्या मते या मजकुराचा प्राण तिच्यात आहे. शिरोबिंदू अ मधून बाजू बक ला समांतर रेषा काढायची. ही रेषा पक्षात नव्हती, साध्यातही तिचा उल्लेख नाही. ती कोणीतरी सुचवावी लागते. एकदा ती काढली की ब आणि क जवळचे कोन त्यांच्या व्युत्क्रम कोनांच्या रूपाने अ पाशी येतात, मधल्या कोनाला लागून बसतात आणि तिघांचा मिळून सरळ कोन होतो. पुढचे सगळे सक्तीचे आहे. मोकळीक होती ती फक्त त्या रेषेपुरती. विद्यार्थी अडतात ते बहुधा इथेच. सिद्धता शिकवता येते, पण रचना सुचण्यासाठी आकृतीकडे बराच वेळ बघत बसावे लागते.

भिवंडीत हा पाठ मराठी शाळेत होतो तसा उर्दू शाळेतही होतो. बालभारतीची पुस्तके दोन्ही भाषांत निघतात. तिथे त्रिकोण मुसल्लस असतो, कोन जाविया, समांतर मुतवाजी. हे मूळचे अरबी शब्द. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तुसीने युक्लिडची अरबी आवृत्ती सिद्ध केली, ती याच परिभाषेत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी तिच्यावरून संस्कृत ‘रेखागणित’ रचले. त्यांच्या आकृत्यांतल्या बिंदूंची नावे अरबी वर्णक्रमाने लागतात, अ, ब, ज, द. ग्रंथ संस्कृत, पण बिंदू अलिफ-बे-जीमचे. हा ग्रंथ पुढे मुंबईतच छापला गेला, 1901 आणि 1902 साली. एकाच गावातल्या दोन शाळांत शिकवल्या जाणाऱ्या दोन परिभाषा अशा एका ग्रंथात भेटून गेलेल्या आहेत, याचा मला फार आनंद वाटतो. मराठी पुस्तकातली ‘दरम्यानता’ याच आनंदाची आहे: फारसी दरम्यानला संस्कृत ‘ता’ लागला आणि एका बिंदूचे दोन बिंदूंमध्ये असणे नेमके सांगता आले.

व्यत्यास या शब्दाकडे मात्र पुस्तक वाचणारे पुरेसे लक्ष देत नाहीत. जर आणि तर यांची अदलाबदल केली की व्यत्यास. तो आपोआप खरा ठरत नाही, त्याची सिद्धता वेगळी द्यावी लागते. भिवंडीच्या आसपास गोदामे उभी राहतात तेव्हा पायाची आखणी बघावी. दोरीवर एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजायचे आणि तिरपे अंतर बरोबर पाच येईपर्यंत दोरी सरकवायची. मग फक्की टाकायची. हा पायथागोरसचा प्रयोग, असे सर्रास म्हटले जाते. खरे तर पायथागोरसच्या प्रमेयात काटकोन पक्षात असतो. गवंड्याकडे काटकोन नसतो, त्याला तो हवा असतो. त्याच्या हाती बाजूंची मापे आहेत आणि काटकोन साध्य आहे. तो वापरतो तो व्यत्यास.

आणि त्या व्यत्यासाची दहावीतली सिद्धता पाहा. इथे रचना दिलेल्या त्रिकोणाला हातही लावत नाही. ती शेजारी एक नवा त्रिकोण उभा करते, दोन बाजू दिलेल्या त्रिकोणाइतक्याच आणि त्यांच्यातला कोन काटकोन. पायथागोरसचे प्रमेय या नव्या त्रिकोणाला लावले की त्याची तिसरी बाजूही दिलेल्या त्रिकोणाच्या तिसऱ्या बाजूइतकीच निघते, बाबाबा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप ठरतात, आणि नव्या त्रिकोणात आपणच घातलेला काटकोन जुन्यातही असल्याचे मान्य करावे लागते.